गालगुंड : सूज दिसण्याआधीच पसरणारा आजार

आपल्याकडे मुलाचा गाल सुजला की घरातली वडीलधारी माणसे लगेच नाव सांगतात – गालगुंड. कोणी याला गालफुगी म्हणते. 'होतो आणि जातो' असे म्हणून बहुतेक घरांत तो सोडून दिला जातो. बहुतेक मुले बरी होतात, हे खरे. पण नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुवा, धडगाव, तळोदा, नवापूर या भागांत हजारो मुले आश्रमशाळांत आणि वसतिगृहांत एकत्र राहतात. तिथे एका मुलाचा आजार एकट्याचा राहत नाही. म्हणून या आजाराबद्दल नीट माहिती हवी.

गालगुंड विषाणूमुळे होतो. थंड खाल्ल्याने, वारा लागल्याने किंवा कोणाची नजर लागल्याने तो होत नाही. आजारी मुलाच्या खोकण्या-शिंकण्यातून आणि लाळेतून विषाणू दुसऱ्याकडे जातो. एकाच पेल्याने पाणी पिणे, उष्टे खाणे, तोंडातली शिट्टी एकमेकांना देणे ही त्याची वाट. विषाणू शरीरात गेल्यावर साधारण १६ ते १८ दिवसांनी लक्षणे दिसतात; कधी १२, तर कधी २५ दिवसांनी. त्यामुळे पहिले मूल बरे झाले आणि साथ गेली असे वाटते, तोच दोन-तीन आठवड्यांनी दुसऱ्या मुलांचे गाल सुजतात.

सुरुवातीला ताप, अंगदुखी, डोकेदुखी असते आणि भूक लागत नाही. मग कानाच्या खाली आणि पुढे असलेल्या लाळग्रंथी सुजतात. कानाची पाळी वर उचललेली दिसते, चावताना दुखते. आधी एक बाजू, मग दुसरी, असे अनेकदा होते. काही मुलांना मात्र सूज येतच नाही, तरी त्यांच्यापासून लागण होऊ शकते.

सूज येण्याच्या दोन दिवस आधीपासून ते सूज आल्यानंतर पाच दिवसांपर्यंत लागण होण्याचा धोका जास्त असतो. आधीचे दोन दिवस आपल्या हातात नाहीत, नंतरचे पाच दिवस आहेत. तेवढे दिवस मुलाला शाळेत, बाजारात, लग्नात किंवा विहारातल्या बालवर्गात पाठवू नये. त्याचे पेला-ताट, टॉवेल वेगळे ठेवावेत. आश्रमशाळेत असे मूल आढळल्यास त्याला गर्दीच्या एसटीने घरी पाठवू नये. शाळेतच वेगळ्या खोलीत झोपवावे आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे. पुढचे तीन आठवडे बाकी मुलांवर लक्ष ठेवावे.

या विषाणूला मारणारे औषध नाही. प्रतिजैविकांचाही उपयोग नाही, कारण ती जिवाणूंवर चालतात. ताप-दुखण्यासाठी डॉक्टर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल देतात. मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नये. मऊ खिचडी, पेज, वरण-भात द्यावा, पाणी भरपूर पाजावे. लिंबू, चिंच, कैरी टाळावी. आंबटाने लाळ सुटते आणि सुजलेली ग्रंथी जास्त दुखते. गालावर चुना लावू नये, कातडी भाजते. डाग तर कधीच देऊ नये.

काही लक्षणे दिसली तर मात्र घरी थांबू नये. तीव्र डोकेदुखी, मान ताठणे, सारख्या उलट्या, गुंगी किंवा झटके आल्यास मेंदूच्या आवरणाला किंवा मेंदूला सूज आलेली असू शकते. सांगली जिल्ह्यातील अशा साथीची नोंद २००७ साली 'इंडियन पिडियाट्रिक्स' या नियतकालिकात आली आहे. पोटात जोराची कळ, ऐकू कमी येणे, वयात आलेल्या मुलाचे अंडकोष सुजणे हीही धोक्याची चिन्हे. वंध्यत्व क्वचितच येते, पण गेलेले ऐकणे कायमचे जाऊ शकते. मान सुजून घशात राखाडी पडदा दिसला, श्वास घ्यायला त्रास झाला, तर तो घटसर्प असू शकतो. अशा वेळी १०८ ला फोन करून ताबडतोब रुग्णालय गाठावे.

आता लसीबद्दल. अनेक आईवडील म्हणतात, 'आमच्या पोराला गोवरची लस झाली आहे.' २७ नोव्हेंबर २०१८ पासून राज्यातल्या शाळाशाळांत जी मोहीम झाली, ती गोवर-रुबेलाची होती. सरकारी लसीकरणात ९ ते १२ महिन्यांत आणि १६ ते २४ महिन्यांत मिळणारी एमआर लसही या दोनच आजारांची आहे. ती प्रत्येक मुलाला मिळालीच पाहिजे, पण तिच्यात गालगुंडाची लस नाही. ती एमएमआर या लसीत असते. बालरोगतज्ज्ञांची संघटना तिचे तीन डोस सुचवते : ९ महिने, १५ महिने आणि ४ ते ६ वर्षे. पण खासगी दवाखान्यात तिला पैसे मोजावे लागतात. म्हणजे ज्याच्या खिशात पैसे, त्याच्या मुलाला संरक्षण. आणि पन्नास मुलांच्या खोलीत झोपणारे ऊसतोड मजुराचे पोर तसेच उघडे. गालगुंडाची लस १९६७ पासून जगात उपलब्ध आहे. २०२४ मध्ये केरळात हजारो मुलांना गालगुंड झाला. ही लस सरकारी यादीत यावी, ही मागणी आपण ग्रामसभेत आणि लोकप्रतिनिधींकडे लावून धरली पाहिजे.

तोवर एवढे करू. ज्यांना परवडते त्यांनी डॉक्टरांना विचारून लस घ्यावी. आशाताईंकडून मुलाचे लसीकरण कार्ड तपासून घ्यावे. आणि गाल सुजलेल्या मुलाला पाच दिवस घरी ठेवावे. या पाच दिवसांना पैसा लागत नाही, आणि शेजारची मुले वाचतात.