क्लच वायर : आत तार, बाहेर नळी



साधी यंत्रे शिकवताना आपण फळ्यावर तरफ काढतो, कप्पी काढतो, उतरण आणि पाचर काढतो. पण आपली मुलं रोज जिच्या भरवशावर सायकल थांबवतात ती ब्रेकची वायर मात्र फळ्यावर कधी येत नाही. मीही तिचा कधी विचार केला नव्हता. मागच्या हिवाळ्यात तो करावा लागला.

माझ्याकडे बाबांची जुनी बजाज चेतक आहे, त्यांनी 1994 साली घेतलेली. घर ते शाळा नऊ किलोमीटर मी तीच चालवते. साखर कारखाने सुरू झाले की आमच्या साताऱ्याकडच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या किती असतात ते तुम्हाला माहीत असेल. अशीच एक ट्रॉली चढावर माझ्यापुढे अचानक थांबली. मी क्लच दाबला आणि लिव्हर हातात एकदम लुळा पडला. वायर तुटली होती. स्कूटर गिअरमध्येच, पुढे रेटतेय, मागच्या सीटवर माझी सात वर्षांची मुलगी. दोन्ही ब्रेक दाबले, इंजिन गचका देऊन बंद पडलं आणि ट्रॉलीच्या उसापासून हातभर अंतरावर आम्ही थांबलो.

वायर एका दिवसात तुटत नाही, हे मला घरी आल्यावर कळलं. तुटलेलं टोक उजेडात धरलं तर निम्म्याहून जास्त तारा काळपट आणि गंजलेल्या होत्या. म्हणजे त्या केव्हाच तुटलेल्या. फक्त चार-पाच तारा चकचकीत होत्या, त्या त्या दिवशी तुटल्या. कितीतरी दिवस क्लच त्या चार-पाच तारांवर चालला होता आणि मी रोज त्यावर मुलीला बसवत होते.

आता ही वायर असते कशी ते पाहू. आपण तिला नुसती 'वायर' म्हणतो, पण ती दोन वस्तूंची जोडी आहे. आत पोलादाच्या बारीक तारा पिळून केलेली साधारण दोन मिलिमीटर जाडीची तार, हिला मेकॅनिक 'इनर' म्हणतात. तिच्यावर नळी, म्हणजे 'आउटर'. आउटरचं काळं प्लॅस्टिक सोललं तर आत पोलादी पट्टीचं घट्ट वेटोळं दिसतं. या रचनेचं पेटंट 1896 साली इंग्लंडमध्ये अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडेन यांच्या नावे नोंदलं गेलं, म्हणून इंग्रजी पुस्तकांत तिला बाउडेन केबल म्हणतात.

बहुतेकांना वाटतं की काम आतली तार करते आणि बाहेरची नळी म्हणजे नुसतं धूळ-पाण्यापासून संरक्षण. मलाही तसंच वाटायचं. हे चुकीचं आहे, आणि वर्गात दहा मिनिटांत दाखवता येतं.

गवंडी लेव्हल काढायला वापरतात तसा मीटरभर पारदर्शक पाइप घ्या. त्यातून सुतळी ओवा. सुतळीचं एक टोक रबरबँडला बांधा आणि रबरबँड बाकाच्या खिळ्याला अडकवा. पाइपला मध्ये चांगला बाक द्या. आता पाइपची दोन्ही टोकं मोकळी ठेवून सुतळी ओढा. पाइप सरकतो, सरळ व्हायला बघतो, रबर मात्र फारसं ताणलं जात नाही. आता दोन मुलांना पाइपची दोन टोकं घट्ट धरायला सांगा आणि पुन्हा तितकीच ओढा. रबर लगेच ताणलं जातं. टोक धरणाऱ्या मुलांना विचारा काय जाणवलं. माझ्या वर्गातली मुलगी म्हणाली, "बाई, पाइप माझा हात ढकलतोय." तिने अगदी बरोबर ओळखलं. आतली तार जितक्या जोराने ओढली जाते, तितक्याच जोराने बाहेरची नळी दोन्ही टोकांना ढकलते. ताण तारेवर, दाब नळीवर. नळीने तो दाब सोसला नाही तर तार कितीही ओढा, पलीकडे काही पोचत नाही. पाइप मऊ असेल तर तो मध्ये चुरमडतो, तेही मुलांना दिसू द्या. म्हणूनच आउटरमध्ये वेटोळं असतं. स्पायरल वहीची तार दाबली की आखडते, कारण वेढ्यांमध्ये फट आहे. वेढे एकमेकांना टेकलेले असतील तर वेटोळं वाकतं, पण दाबलं जात नाही.

एवढं समजलं की ऍडजस्टरचं कोडंही सुटतं. लिव्हर ढिला झाला की आपण तो पोकळ स्क्रू बाहेरच्या बाजूला फिरवतो आणि वायर घट्ट होते. तारेला तर आपण हातही लावलेला नसतो! होतं असं की नळी त्या स्क्रूच्या डोक्यावर टेकलेली असते. स्क्रू बाहेर आला की नळीचा रस्ता लांबतो, तार तेवढीच राहते, म्हणून तिची ढील संपते. हे मी सहावीला विचारलं तेव्हा एकालाच सांगता आलं, आणि त्याच्या वडिलांचं गॅरेज आहे.

दुसरा एक प्रश्न मुलांना जरूर विचारा. चेतकचे गिअर डाव्या हाताची मूठ फिरवून बदलतात. क्लचला एक वायर, पुढच्या ब्रेकला एक, मग गिअरलाच दोन का? उत्तर शेतकऱ्याच्या पोरांना पटकन येतं. बैलाला कासऱ्याने ओढता येतं, ढकलता येत नाही. क्लच सोडला की आतल्या स्प्रिंगा तो मागे आणतात. गिअरला तशी सोय नाही, म्हणून वर टाकायला एक वायर आणि खाली टाकायला दुसरी. आजोबांच्या काळ्या सायकलला ब्रेकला वायर नसायचीच, लोखंडी सळया असायच्या. सळई ढकलूही शकते. पण तिला हवं तसं वळवत नेता येत नाही.

वायर नेमकी तुटते कुठे? बहुतेक वेळा टोकाला, जिथे लिव्हरमध्ये तिची घुंडी बसते. घुंडी आपल्या खाचेत मोकळी फिरायला हवी. तिथे गंज आणि माती बसली की घुंडी अडकते आणि तार तिच्या मुळाशी दर वेळी थोडी वाकते. बांधकामाची तार मागेपुढे वाकवून मुलं तोडतात, तोच प्रकार, फक्त सावकाश. हिशेब करायला लावा. जाताना 60 वेळा क्लच, येताना 60 वेळा. शाळेचे 200 दिवस धरले तर वर्षाला 24,000 वेळा. म्हणून घुंडीला ग्रीसचं बोट लावणं ही फार मोठी गोष्ट आहे.

आता वायर बदलण्याविषयी, आणि माझ्या चुकीविषयी. नुसती आतली तार तुटली असेल आणि आउटर चांगलं असेल तर काम सोपं आहे. जुनी तार ओढून काढायची, नवीला तेल लावून लिव्हरकडून आत सरकवत न्यायची. पण माझं आउटरही एका ठिकाणी फाटून गंजलं होतं. मी उत्साहाच्या भरात जुनं आउटर खालून ओढून काढलं आणि मग लक्षात आलं की नवं घालायचं कुठून! चेतकच्या वायरी हँडलमधून, पुढच्या पत्र्याच्या आतून आणि पाय ठेवायच्या पत्र्याखालून इंजिनाकडे जातात. आत काहीच दिसत नाही. दोन तास मी आणि माझा भाऊ बॅटरी लावून चाचपडत होतो. बाबा ओट्यावरून बघत होते. शेवटी म्हणाले, "अगं, परकराची नाडी बदलताना काय करतेस?" जुन्या नाडीला नवी बांधायची आणि जुनी ओढायची. इथेही तेच. जुनं आउटर काढण्याआधी त्याच्या टोकाला मजबूत दोरी बांधायची, म्हणजे ते बाहेर आलं की दोरी आत राहते. तिलाच नवं बांधून परत ओढायचं.

बाकीचं ओळीने सांगते. सुरुवातीला ऍडजस्टर जवळजवळ पूर्ण आत फिरवून ठेवा, नाहीतर पुढे घट्ट करायला जागाच उरत नाही. आउटर दोन्ही टोकांना आपापल्या वाटीत नीट टेकलंय का पाहा. तिरकं बसलेलं टोक दुसऱ्या दिवशी सरकून बसतं आणि क्लच पुन्हा ढिला. खालच्या टोकाला तार नट-बोल्टने आवळायची. लिव्हरला दोन-तीन मिलिमीटर मोकळी हालचाल राहिलीच पाहिजे. अजिबात ढील नसेल तर क्लच कायम अर्धवट दाबलेला राहतो आणि त्याच्या प्लेटा घासून जातात. उरलेली तार धारदार कटरने कापा. बोथट पकडीने कापली की तारा केरसुणीसारख्या पसरतात. आणि नवी वायर आठवड्याभरात थोडी ढिली होतेच, कारण आउटरची टोकं आपल्या जागी दाबून बसतात. तेव्हा ऍडजस्टर पुन्हा फिरवायचा.

वळणांकडे मात्र लक्ष द्या. बैलाचं दावं खुंट्याभोवती दोन वेढे टाकलं की लहान पोरही बैल धरून ठेवतं, कारण वेढ्यांचं घर्षण. वायरलाही जितकी वळणं जास्त तितकं घर्षण जास्त. तीन छोट्या तीव्र वळणांपेक्षा एक मोठा सैल बाक बरा. पण वायर फार आखूड पडली तरी वाईट. तपासायला स्कूटर स्टँडवर, न्यूट्रलमध्ये चालू ठेवून हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवा. इंजिनाचा आवाज वाढला तर ऍक्सिलरेटरची वायर ताणली जातेय असं समजायचं.

हे फक्त स्कूटरपुरतं नाही. मारुती 800 चा क्लच वायरवरच चालायचा. जर्मनीची पोर्शे 911 ही शौकिनांची स्पोर्ट्स गाडी, इंजिन मागे आणि पेडल पुढे. तिचाही क्लच 1986 पर्यंत लांबलचक केबलने ओढला जायचा, नंतर तिथे तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा आली. त्या जुन्या गाड्या जपणारे लोक केबल बदलताना हेच करतात : टोकं बघतात, आउटर बघतात, ढील मोजतात.

माझ्या स्कूटरनंतर एका शनिवारी मी शाळेत सायकलींची तपासणी घेतली. रंगीत, वायर ब्रेकवाल्या सायकली घेऊन मुलांना रांगेत उभं केलं. ब्रेक लिव्हर पूर्ण दाबायचा आणि घुंडीच्या मुळाशी बघायचं, एखादी तार सुटून वर आलीय का. डोळ्यांनी दिसली नाही तर कापसाचा बोळा हळूच फिरवायचा, तुटलेल्या तारेत कापूस अडकतो. बोट फिरवू देऊ नका, तार सुईसारखी टोचते. मग सायकल पुढे ढकलत दोन्ही ब्रेक एकेक करून दाबून बघायचे. चौदा सायकलींपैकी तिघींच्या वायरींत कापूस अडकला, आणि एका सायकलला मागची ब्रेक वायरच नव्हती. "बाई, पुढचा लागतो की," म्हणाला तो. त्याच्या वडिलांना मी त्याच संध्याकाळी फोन केला, आणि सोमवारी तो नवी वायर दाखवायला प्रार्थनेआधीच येऊन उभा होता.