खर्र्याची पुडी मुलाच्या हाती नको

तोंडाच्या तक्रारी घेऊन माझ्याकडे येणाऱ्यांत आता शाळकरी मुलेही असतात. तिखट खाल्ले की तोंडाची आग होते, ही त्यांची पहिली तक्रार. मी त्यांना स्वतःची तीन बोटे एकावर एक धरून समोरच्या दातांत उभी घालायला सांगतो. तीन बोटे सहज जायला हवीत. दोनच गेली, तर पहिला संशय सुपारीचा.

खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना यांचे पन्नीत घोटलेले मिश्रण. तंबाखू वाईट हे सारेच जाणतात. सुपारीला मात्र आपण निरुपद्रवी समजतो. सुपारीतील द्रव्यांमुळे गालाच्या आतल्या अस्तराखाली तंतू साठतात. गाल पांढुरका व ताठर होतो आणि तोंड उघडणे कमी कमी होत जाते. अशा तोंडात पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरविले आहे. आलेला ताठरपणा सहसा पूर्ण जात नाही, म्हणून सवय लागूच न देणे हाच खरा उपाय.

सवय लागते कुठे? मुलांना विचारले की बहुधा एकच उत्तर मिळते : 'घरच्यांसाठी पुडी आणायला जात होतो.' आणता आणता एक चिमूट तोंडात जाते.

कायदा आपल्या बाजूने आहे. २००३ च्या कायद्याने १८ वर्षांखालील मुलांना तंबाखू विकणे आणि शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत विकणे, दोन्ही मना आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार मुलाला तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पण गाव उभे राहिल्याशिवाय कायदा पानठेल्यापर्यंत पोचत नाही. गडचिरोलीत लोकांच्या आंदोलनातून १९९३ साली दारूबंदी झाली. तेथेच २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'मुक्तिपथ' अभियानाने दारूबरोबर तंबाखूही हाती घेतला आणि त्यासाठी गावोगावी संघटना बांधल्या.

आपल्या गावात एवढे करता येईल :

१) मुलाला पुडी आणायला पाठवू नये. हा नियम आधी आपल्या घरात.

२) शाळा व्यवस्थापन समितीने शाळेपासूनचे अंतर मोजून आतले ठेले ग्रामसभेत मांडावेत.

३) लग्न, तेरवी, बैठकीत खर्रा-सुपारीचे ताट फिरवू नये.

४) शिक्षकांनी महिन्यातून एकदा तीन बोटांची तपासणी घ्यावी. ज्याचे तोंड कमी उघडते त्याला न रागावता दंतवैद्याकडे पाठवावे. मार खाल्लेला मुलगा खर्रा सोडत नाही, लपवून खातो.

मोठ्यांना सोडायचे असेल, तर १८००-११-२३५६ या शासकीय क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. पालकहो, आपण सोडलेली पुडी पाहून मूल जे शिकेल, ते माझ्या भाषणाने शिकणार नाही.