वेदनेचा काटा

एंडोमेट्रिओसिस या विकारात गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती ओटीपोटात अन्यत्र रुजते. प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना तो जडतो. तरी ‘पाळीत दुखायचेच’ या समजुतीपायी निदान वर्षानुवर्षे लांबते. या विलंबाचे मोल मज्जासंस्थेला द्यावे लागते, हेच मला येथे सांगावयाचे आहे.

रुजलेल्या ऊतीभोवती दाह होतो. तेथे स्रवणाऱ्या वृद्धिकारक प्रथिनांमुळे नवे वेदनावाहक मज्जातंतू फुटतात. त्यांचे संदेश अखंड येत राहिले की मज्जारज्जू व मेंदू अतिसंवेदनशील होतात. आपल्या सराफ्यातील सोन्याचा काटा नुसत्या फुंकरीनेही ढळावा, तशी त्यांची गत होते. म्हणूनच शस्त्रक्रियेने ती ऊती काढल्यावरही काहींचे दुखणे उरते. ते मनाचे खेळ नव्हेत.

यास्तव उपचारही दुहेरी हवेत. संप्रेरके वा दुर्बिणीची शस्त्रक्रिया मूळ विकारासाठी. मज्जातंतूंवर काम करणारी औषधे व ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम बिघडलेल्या काट्यासाठी. ही औषधे सर्वांनाच लागू पडत नाहीत. ती तज्ज्ञांनीच ठरवावीत.

एखादी मुलगी दर महिन्यास दुखण्यापायी शाळा चुकवीत असेल, तर मातांनी व शिक्षकांनी तिला सोसण्याचा उपदेश न करता वेळीच स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्यावे, एवढीच माझी विनंती.