गुळाची वाचा आणि गुळाचा रंग

"गूळ नाहीं, पण गुळाची वाचा तरी असावी" ही म्हण आपल्या घराघरांत ऐकूं येते. पाहुण्याच्या हातावर ठेवण्यास कांहीं नसलें तरी बोलणें गोड असावें, एवढाच तिचा पूर्वीं अर्थ होता. हल्लींच्या बाजारानें तिला निराळाच अर्थ दिला आहे. 'नैसर्गिक', 'शुद्ध', 'रसायनविरहित', 'सेंद्रिय' अशीं अक्षरें छापलेल्या हिरव्या पिशव्या शहरांतील दुकानांत ओळीनें मांडलेल्या दिसतात. ही झाली गुळाची वाचा. पिशवींतील गूळ त्या वाचेस साजेसा आहे काय, असें ग्राहक आतां विचारूं लागला आहे. आणि हा प्रश्न दुकानदाराच्या फळीवरून निघून शेवटीं आपल्याच गुऱ्हाळाच्या दारीं येणार आहे. म्हणून हा विषय वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कोल्हापूरच्या गुळाचा लौकिक जुना आहे. शाहू महाराजांनीं 1895 सालीं शाहूपुरी वसविली, ती मुख्यतः गुळाच्या व्यापाराकरितां. पुढें 2014 सालीं कोल्हापुरी गुळास भौगोलिक निर्देशांकाचा मानही मिळाला. परंतु या पेठेनें शेतकऱ्यास एक संवयही लावली. सौद्याच्या वेळीं ढेपेचा प्रथम रंग पाहिला जातो, चव मागाहून. गुजरातच्या पेठांत पिवळ्याधमक गुळास मागणी, म्हणून अडत्यास पिवळा गूळ हवा. अडत्यास हवा म्हणून गुळव्यास तो करणें भाग. यांतूनच काहिलींत हायड्रॉसची पूड पडूं लागली. तिनें रंग तात्काळ उजळतो, परंतु हा उजाळा टिकाऊ नसतो. साठवणींत गूळ पुन्हा काळवंडत जातो, आणि गंधकाचा अंश मात्र त्यांत उरतो. अन्नसुरक्षेच्या नियमांनीं या अंशास मर्यादा घातलेली आहे, ती उगाच नव्हे.

वास्तविक स्वच्छ गूळ करण्यास या पुडीची गरज नाहीं. रस तापूं लागला म्हणजे बेतानें चुन्याची निवळी घालून त्याची आम्लता कमी करावी, भेंडीच्या खोडाचा चिकट रस सोडावा, म्हणजे मळी वर जमते, आणि ती वेळच्या वेळीं काढून टाकावी. पाक सुमारें 118 अंश सेल्सिअसपर्यंत आला कीं गार पाण्यांत त्याची गोळी होते. मग काहील उतरून पाक वाफ्यांत ओतावा. ही विद्या आमच्या जुन्या गुळव्यांस पूर्ण अवगत होती. तिला वेळ लागतो, हात लागतो आणि चुलाणावर डोळा ठेवावा लागतो, एवढेंच.

आतां शहरांतील ग्राहकाची दृष्टि पालटली आहे. पिवळा गूळ पाहून तो दचकतो आणि तांबूस-काळा मागून घेतो. हा पालट स्वागतार्ह आहे. पण त्यांतही एक फसगत आहे. पूर्वीं पिवळा रंग म्हणजे उत्तम गूळ अशी समजूत होती, आज काळा रंग म्हणजे शुद्ध गूळ अशी होऊं पाहत आहे. गूळ काळा होण्यास कारणें पुष्कळ आहेत. नत्रखताची मात्रा जास्त झाली, जमीन खारवट असली, मळी नीट काढली नाहीं अथवा पाक करपला, तरीही गूळ काळाच होतो. साखर मिसळलेला गूळ कोणत्याही रंगांत येऊं शकतो. रंग हा दाखला नव्हे, हें ग्राहकास सांगण्याचें काम उत्पादकाचें आहे; आणि तें सांगण्यापूर्वीं उत्पादकानें स्वतःचें घर झाडून घेतलें पाहिजे.

आमच्याच मंडळाची गोष्ट सांगतों. मागें एका हंगामांत आम्हीं कांहीं सभासदांचा गूळ एकत्र करून शहरांत विक्रीस नेला. काहिलींत कोणतीही पूड पडलेली नव्हती, याची खात्री आम्हीं स्वतः उभें राहून केली होती. त्या भरांत पिशव्यांवर 'सेंद्रिय गूळ' अशी चिठ्ठी लाविली. एका बाईंनीं पिशवी हातीं घेऊन शांतपणें विचारलें, "यांतल्या उसाला खत कोणतें घातलें होतें?" आम्ही निरुत्तर झालों, कारण ऊस युरिया आणि तणनाशकावरच पोसला होता. बाईंनीं पिशवी जागेवर ठेविली आणि त्या निघून गेल्या. रागावल्या असत्या तर बरें वाटलें असतें. त्याच सायंकाळीं आम्हीं चिठ्ठ्या काढून टाकिल्या. परंतु गेलेलें गिऱ्हाईक परत आलें नाहीं.

यांत चूक भाषेची होती, म्हणून शब्दांचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. गूळ करतांना रसायन न वापरणें ही एक गोष्ट, आणि ऊसच सेंद्रिय पद्धतीनें पिकविणें ही दुसरी. दुसरीस काल लागतो: राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाप्रमाणें हंगामी पिकांच्या जमिनीस 2 वर्षांचा व बहुवर्षायू पिकांस 3 वर्षांचा संक्रमणकाल आहे. सेंद्रिय अन्नासंबंधीं केंद्राचे नियम 2017 सालीं झाले. त्यांअन्वयें बाजारांत 'सेंद्रिय' म्हणून विकावयाच्या मालास प्रमाणीकरण लागतें. लहान उत्पादकानें स्वतः थेट खाणाऱ्यास विकलेल्या मालास तेवढी सूट आहे. सूट दाखल्यापुरती आहे, खरेपणापुरती नाहीं. पुढें ऑक्टोबर 2024 मध्यें केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें हिरव्या जाहिरातींविषयीं मार्गदर्शक तत्त्वें काढिलीं. 'नैसर्गिक', 'पर्यावरणस्नेही' यांसारखे मोघम शब्द पुराव्यावांचून वापरूं नयेत, असा त्यांचा रोख आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यांत फसव्या जाहिरातीबद्दल 10 लाख रुपयांपर्यंत, व पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत दंड सांगितला आहे.

दंडापेक्षांही मोठें नुकसान निराळें आहे. 2020 सालीं भारतांतील सेंद्रिय कापसाच्या दाखल्यांत सुमारें 20,000 टन मालाची लबाडी उघड झाली. 2021 सालीं अमेरिकेनें आपल्या देशाच्या सेंद्रिय प्रमाणनास दिलेली मान्यता काढून घेतली. खोटे दाखले करणारे थोडे होते. परंतु पुढील तपासणीचा खर्च आणि संशयाची नजर यांचा भार प्रामाणिक शेतकऱ्यासही सोसावा लागला. एकाच्या काहिलींतील पूड अशा रीतीनें दुसऱ्याच्या ताटांत पडते.

मग करावें काय? पहिलें, जें केलें तेंच लिहावें. ऊस रासायनिक खतावर आणि गूळ पुडीवांचून झाला असेल, तर तसेंच छापावें; हा लहान दावाही खरा असेल तर विकला जातो. दुसरें, खत, फवारणी, तोडणीची तारीख आणि काहिलीचा क्रमांक यांची वही ठेवावी. ग्राहकानें विचारतांच ती पुढें करतां यावी. तिसरें, निदान 5 शेतकऱ्यांचा गट करून सहभागी हमी पद्धतीचा मार्ग धरावा. 2011 पासून चालू झालेल्या या पद्धतींत शेजारच्या शेताची पाहणी गटांतील शेतकरीच करतात, त्यामुळें बाहेरच्या तपासनिसाचा मोठा खर्च वांचतो. चौथें, रंग उसांतूनच सुधारावा: नत्र बेतानें द्यावें, ऊस पक्व झाल्यावरच तोडावा, आणि को 92005 सारखा गुळास चांगला म्हणून नांवाजलेला वाण निवडावा.

यांत तोटा मुळींच नाहीं असें आम्ही म्हणणार नाहीं. संक्रमणाच्या वर्षांत उत्पन्न घटूं शकतें, आणि सौद्यांत आजही पिवळी ढेप पुढें जाते. सर्व शेतावर एकदम प्रयोग न करितां एखाद्या एकरानें आरंभ करावा, आणि त्या एकराचा गूळ निराळा काढावा. शहरांतील ग्राहकासही आमचें सांगणें आहे, कीं खरा माल हवा असेल तर खरा दामही मोजावा. घासाघीस करून घेतलेली शुद्धता फार दिवस शुद्ध राहत नाहीं.

येत्या हंगामांत मंडळाच्या पिशव्यांवर 'सेंद्रिय' हा शब्द असणार नाहीं. "गुळांत हायड्रॉस नाहीं, उसास रासायनिक खत दिलें आहे" एवढेंच छापावयाचें ठरलें आहे. सभासदांपैकीं ज्यांस तो शब्द कमवावयाचा आहे, त्यांनीं आपल्या एका एकराची वही आजच उघडावी.