ऑक्टेन वाढलं, अ‍ॅव्हरेज घटलं

‘‘साधं टाकू की पॉवर?’’ पंपावरच्या पोराचा हा प्रश्न स्कूटरवाल्याच्या वाट्याला फारसा येत नाही. गाडीच्या नाकावर चार कड्या किंवा तीन टोकांचा तारा दिसला की मात्र तो हमखास येतो. सूरही असा असतो, की ‘साधं’ म्हणायला काचेआडच्या माणसाला संकोच वाटावा. आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी मध्यंतरी सेकंडहँड जर्मन सेडान घेतली आणि तेव्हापासून ‘साधं’ हा शब्दच टाकून दिला. एरवी ९५ ऑक्टेनचं, दसरा-पाडव्याला १०० चं. ‘‘चांगलं खायला घातलं तर चांगलं पळेल ना!’’ असं त्यांचं म्हणणं. बैलाला पेंड चारण्यामागचा हाच हिशेब, आणि बैलाच्या बाबतीत तो बरोबरही आहे. पेट्रोलच्या बाबतीत गफलत होते ती नेमकी इथे.

ऑक्टेनचा आकडा पेट्रोलमधली ताकद सांगत नाही. तो सांगतो पेट्रोलचा संयम.

दिवाळीतली लवंगी माळ आठवा. एका टोकाला वात लावली की फटाके ओळीनं वाजत जातात. पण उडालेली ठिणगी मध्येच कुठे पडली, तर पाळी येण्याआधीच पुढचे फटाके फुटतात आणि ओळ मोडून एकच धडाका होतो. सिलिंडरमध्येही असंच आहे. पिस्टन वर येताना हवा आणि पेट्रोलचं मिश्रण दाबलं जातं, तापतं. मग प्लग ठिणगी टाकतो आणि ज्वाळ एका बाजूनं पसरत जाते. पण ज्वाळ पोचण्याआधी कोपऱ्यातलं मिश्रण दाबानं आणि उष्णतेनं आपसूक पेटलं, तर पिस्टनला सलग रेटा मिळण्याऐवजी हातोडीचा घाव बसतो. घाटात चौथ्या गिअरमध्येच गाडी रेटत नेली की बॉनेटखालून टणटण ऐकू येते, ती हीच. गॅरेजवाले म्हणतात, ‘गाडी नॉकिंग मारतेय.’ असं न पेटता पेट्रोल किती दाब सोसतं, ते मोजणारा आकडा म्हणजे ऑक्टेन.

हे माप १९२६ मध्ये ग्रॅहम एडगर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञानं सुचवलं. आयसो-ऑक्टेन हे द्रव्य भलतंच सोशिक, त्याला १०० गुण. नॉर्मल हेप्टेन अगदीच उतावीळ, त्याला शून्य. (हे शुद्ध हेप्टेन तेव्हा कॅलिफोर्नियाकडच्या जेफ्री पाइन नावाच्या झाडाच्या चिकातून काढत. पेट्रोलच्या मोजपट्टीचा शून्य एका झाडानं पुरवला!) ९५ ऑक्टेन म्हणजे ९५ भाग आयसो-ऑक्टेन आणि पाच भाग हेप्टेनच्या मिश्रणाइतकं सोशिक पेट्रोल. चाचणी होते ती एकाच सिलिंडरच्या, दाब कमीजास्त करता येणाऱ्या खास इंजिनात. लिटरमागे गाडी किती किलोमीटर जाईल, हा प्रश्न या चाचणीत कुठेच विचारलेला नाही.

अमेरिकेत मुलाकडे गेलेल्या मंडळींची इथे हमखास फसगत होते. तिथल्या पंपावर ८७ लिहिलेलं पाहून ‘आपलंच पेट्रोल बरं’ म्हणत ते परत येतात. तिथे दोन वेगळ्या चाचण्यांची सरासरी छापतात, आपल्याकडे त्यांतल्या एकाच, जास्त आकडा देणाऱ्या चाचणीचा निकाल. तिथलं ८७ म्हणजे आपलं साधारण ९१-९२.

मग उंची गाड्या जास्त ऑक्टेन का मागतात? मिश्रण जितकं जास्त दाबून पेटवावं, तितकं त्याच थेंबातून जास्त काम निघतं. म्हणून या गाड्यांच्या इंजिनांत दाब जास्त, वर टर्बोनं कोंबलेली हवा. एवढा दाब सोसणारं पेट्रोल नसेल तर इंजिन टणटणणार. म्हणजे अ‍ॅव्हरेज काढायचं ते इंजिनानं, ऑक्टेननं फक्त त्याला आड यायचं नाही.

इंजिनाच्या ब्लॉकवर एक छोटा सेन्सर बसवलेला असतो, डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपसारखा. नॉकिंगची थरथर लागली की तो गाडीच्या काँप्युटरला कळवतो आणि काँप्युटर ठिणगी किंचित उशिरा टाकू लागतो. नॉकिंग थांबतं, इंजिन वाचतं. पण उशिरा पेटलेल्या मिश्रणाची बरीचशी उष्णता पिस्टन ढकलण्याऐवजी सायलेन्सरवाटे निघून जाते, पिकअप मंदावतो, अ‍ॅव्हरेज थोडं घसरतं. ९५ मागणाऱ्या गाडीला ९१ पाजलं तर होतं ते एवढं. आता उलट बाजू बघा. ९१ वरच सुखानं चालेल अशा बेतानं जुळवलेल्या गाडीत १०० ऑक्टेन ओतलं, तर तो जादा संयम वापरायला काँप्युटरकडे जागाच नसते. ते पैसे टाकीत जातात आणि तिथेच विरतात.

या दोन टोकांच्या मध्ये असलेल्या गाड्यांचं काय होतं, ते अमेरिकेतल्या ट्रिपल ए या मोटारचालकांच्या संघटनेनं २०१७ मध्ये तपासलं. प्रीमियम पेट्रोलची शिफारस असलेल्या, पण सक्ती नसलेल्या सहा गाड्या निवडल्या आणि त्यांना आळीपाळीनं त्यांच्याकडचं ८७ आणि ९३ पाजलं. अ‍ॅव्हरेज सरासरी २.७ टक्क्यांनी सुधारलं. पण खरी गंमत सरासरीच्या पोटात आहे. कॅडिलॅक एस्कलेड या अवाढव्य गाडीचं अ‍ॅव्हरेज ७.१ टक्क्यांनी वाढलं, तर ऑडी ए-३ चं एका टक्क्यानं चक्क घटलं. दोन्ही गाड्या दिमाखाच्या, दोन्हींना शिफारस एकच, निकाल मात्र दोन दिशांना. मित्राच्या गाडीला फरक पडला म्हणून आपल्याला पडेल, या तर्काला मला तरी यानंतर काही आधार दिसत नाही.

पैशांचं गणित तर पाटीवर मांडण्याइतकं सोपं आहे. गाडी लिटरला १० किलोमीटर देते आणि महिन्याला हजार किलोमीटर फिरते, असं धरू. पेट्रोल लागलं १०० लिटर. साधं १०४ रुपयांनी घेतलं तर १०,४०० रुपये. इंडियन ऑइलनं १०० ऑक्टेनचं एक्सपी-१०० डिसेंबर २०२० मध्ये आणलं, तेव्हा दिल्लीत त्याचा दर लिटरला १६० रुपये होता. त्या दरानं १६,००० रुपये. वरचे ५,६०० वसूल व्हायचे तर गाडीनं १० ऐवजी १५.४ किलोमीटर द्यायला हवेत. आकडा बदलल्यानं ५४ टक्के जादा अ‍ॅव्हरेज देणारं इंजिन अजून जन्माला यायचंय. ९५ वाल्याचा दर साध्याहून सात रुपयांनी जास्त धरला तरी पावणेसात टक्के वाढ हवी. एस्कलेडला ती जेमतेम जमली असती.

आता गोष्टीला खास इकडचं वळण लागतं. आपल्या साध्या पेट्रोलमध्ये हल्ली २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. कोल्हापूर-सांगलीकडचा ऊस कारखान्यात जातो आणि त्याचा काही भाग मुंबईतल्या मर्सिडीजच्या टाकीत येतो. इथेनॉल स्वतः फार सोशिक. त्याचं ऑक्टेन १०८ च्या घरात, शिवाय त्याची वाफ होताना सिलिंडरमधलं मिश्रण गार पडतं. त्यामुळे २० टक्के मिश्रणानंतर साध्या पेट्रोलचं ऑक्टेन ९५ पर्यंत पोचल्याचं पेट्रोलियम मंत्रालय सांगतं. पण एक लिटर इथेनॉलमध्ये उष्णता पेट्रोलच्या जेमतेम दोन तृतीयांश. पाचवा भाग इथेनॉल आणि त्यात एक तृतीयांश ताकद कमी, म्हणजे टाकीतली साडेसहा टक्क्यांच्या आसपास ऊर्जा गेली. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही निव्वळ पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि १० टक्के इथेनॉलला जुळवलेल्या चारचाकींसाठी घट ६ ते ७ टक्के धरली आहे. १० टक्क्यांसाठी घडवून २० ला जुळवलेल्यांसाठी ती १ ते २ टक्के. ऑक्टेनचा आकडा वर गेला आणि अ‍ॅव्हरेजचा खाली आला. हे दोन आकडे एकमेकांचे कुणी लागत नाहीत, हे पटवायला याहून चांगला दाखला मला सापडलेला नाही.

आणि इथेनॉलचा हा गुण काही आज कळलेला नाही. जनरल मोटर्ससाठी नॉकिंगवर औषध शोधणाऱ्या टॉमस मिजलींना तो शंभर वर्षांपूर्वीच ठाऊक होता. पेट्रोलला लाल रंग दिला तर ते उष्णता लवकर शोषेल आणि नॉकिंग थांबेल, असा एक भन्नाट तर्क लढवून त्यांचा शोध सुरू झाला होता. लाल रंग हाताशी नव्हता म्हणून आयोडिन घातलं आणि नॉकिंग खरंच कमी झालं. नंतर खरे रंग घालून पाहिले तर काडीचा फरक नाही! अल्कोहोलचाही रस्ता समोर होता. पण १९२१ मध्ये त्यांना शिशाचं एक संयुग गवसलं, चिमूटभर पुरणारं आणि स्वस्त. ते अख्ख्या जगाच्या हवेत गेलं. आपल्याकडच्या पंपांवरून शिसं हटायला २००० साल उजाडावं लागलं.

महागड्या पेट्रोलच्या बाजूनं बोलायचं तर त्यात इंजेक्टर स्वच्छ ठेवणारी रसायनं घातलेली असतात आणि ती निरर्थक नाहीत. मात्र हल्लीच्या बऱ्याच उंची गाड्यांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. आत येणाऱ्या हवेच्या व्हॉल्व्हला ते लागतच नाही, म्हणून तिथली काजळी या रसायनांनी धुतली जात नाही. डिझेल गाडीवाल्यांनी तर ऑक्टेनचं नावच काढू नये. तिथे नेमकं उलट, झटकन पेटणारं डिझेल ते चांगलं.

काकांना मी एवढंच म्हटलं, ‘‘पेट्रोलचं झाकण उघडून आतला स्टिकर तरी वाचा.’’ रात्री पार्किंगमध्ये मोबाइलच्या उजेडात आम्ही दोघं वाकून उभे, वॉचमन संशयानं बघतोय. स्टिकरवर ‘किमान ९१’ लिहिलेलं, म्हणजे ते नसेल तर गाडीला धोका. खाली ‘शिफारस ९५’, म्हणजे गाडीची पूर्ण चुणूक हवी असेल तर. १०० चा कुठे उल्लेख नाही. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग वही घालायचं ठरलं: त्याच पंपावर, नळी आपोआप बंद होईपर्यंत टाकी फुल, किलोमीटरची नोंद, प्रत्येक पेट्रोलच्या तीन-तीन टाक्या. एका टाकीवर भरवसा नाही, कारण काँप्युटरलाही नव्या पेट्रोलशी जुळवून घ्यायला वेळ लागतो. डॅशबोर्डवरचं अ‍ॅव्हरेज मोजायचं नाही, ते गाडीनं स्वतःच्या पाठीवर मारलेली थाप असते. आणि आधी चारी टायरांत हवा.

हवा भरायला गेल्यावर कळलं, मागचे दोन्ही टायर बरेच बसले होते. काका म्हणाले, ‘‘म्हणजे इतके दिवस मी महागाचं पेट्रोल जाळून बसलेले टायर ओढत होतो?’’ वही आता डॅशबोर्डच्या कप्प्यात असते. पाडव्याला मात्र १०० च. त्या दिवशी म्हणे इंजिनाचा आवाज गोड येतो.