औषध म्हणून आली, घरात ठाण मांडून बसली!

दाढ ठणकू लागली की खेड्यात पहिला सल्ला ठरलेला. "चिमूटभर तंबाखू धर दाढंखाली, घटकाभरात थांबंल!" पोट साफ होत नसेल तर मिसरी, डोकं चढलं तर तपकीर, विळा लागला तर जखमेवर तंबाखूची पूड. वाचकहो, ही सारी आजीबाईच्या बटव्यातली औषधं असं आपण धरून चालतो. पण पाचशे वर्षांपूर्वी आपल्या मुलखात तंबाखूचं रोपही नव्हतं. मग हे औषध आलं कुठून?

तंबाखू मूळची अमेरिकेची. तिथले मूळ रहिवासी ती दुखण्याखुपण्यावर वापरत. १५६० मध्ये पोर्तुगालमधला फ्रान्सचा वकील ज्याँ निको याने ती औषधी म्हणून आपल्या राजदरबारी धाडली. 'निकोटीन' हे नाव त्याच्यावरूनच पडलं. स्पेनमधल्या सेव्हिलचे वैद्य निकोलास मोनार्देस यांनी १५७१ मध्ये तिचे गुण ग्रंथात लिहिले. दातदुखी, डोकेदुखी, जंत, जखमा, कशावर म्हणून चालत नाही, असं नव्हतं!

आपल्याकडे ती आणली पोर्तुगीजांनी. १६०४-०५ च्या सुमारास असदबेग नावाचा सरदार विजापुराहून तंबाखू घेऊन अकबराच्या दरबारी गेला. हे काय, म्हणून बादशहाने विचारलं, तेव्हा 'औषध' असंच सांगण्यात आलं. दरबारच्या हकिमाने मात्र आमच्या ग्रंथांत याचा उल्लेख नाही, म्हणून विरोध केला. अकबराने चार झुरके घेऊन सोडून दिलं, पण सरदारांना चटक लागली. पुढे १६१७ मध्ये जहांगिराने बंदी घातली. उपयोग झाला नाही.

विलायतेत तर कहरच झाला. अठराव्या शतकात लंडनला नदीत बुडालेल्या माणसाला शुद्धीवर आणण्यासाठी गुदद्वारातून भात्याने तंबाखूचा धूर सोडत! १८११ मध्ये ब्रॉडी या डॉक्टरांनी प्राण्यांवर प्रयोग करून दाखवलं, की तंबाखूचं विष थेट हृदयावर घाला घालतं. १८२८ मध्ये जर्मनीत निकोटीन वेगळं काढलं गेलं आणि ते जहाल विष ठरलं. मावा मारायला आपण तंबाखूचा काढा फवारतो, तो याच विषाच्या जोरावर.

डॉक्टरांनी तंबाखू केव्हाच टाकली, पण आपल्या चुलीवरच्या तव्यावर ती अजून भाजली जाते. "मिसरी लावल्याबिगर पोट साफ हुईत न्हाई, डोकं धरतं," असं बायका सांगतात. त्या खोटं बोलत नाहीत. निकोटीनने आतड्याची हालचाल वाढते, दाढेचा ठणकाही घटकाभर दबल्यासारखा वाटतो. पण सकाळी डोकं धरतं ते मिसरीची सवय लागली म्हणून. दुखणं तिनेच लावायचं आणि उताराही तिनेच द्यायचा! दाढेतली कीड तशीच राहते. तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. गरोदर बाईने मिसरी लावली तर बाळ कमी वजनाचं होण्याची भीती असते.

१९९२ मध्ये सरकारने दंतमंजन आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला बंदी केली. पण घरात भाजलेल्या मिसरीला कायदा काय करणार? तिथं तुम्हालाच हात आवरला पाहिजे.

तेव्हा मायबहिणींनो, दाढ दुखली तर दातांच्या डॉक्टरकडे चला. तोंडात पांढरा-लाल चट्टा दिसला, दोन आठवड्यांत जखम भरली नाही किंवा तोंड उघडेना झालं, तर दवाखाना लांबवू नका. सवय सोडायची असेल तर १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. आणि लेकरानं दात दुखतोय म्हटलं, तर त्याच्या हातावर मिसरीची चिमूट तेवढी ठेवू नका.