निवडणं-टिपणं, समुद्राच्या तळाचं

तांदूळ निवडायचे म्हटलं की पूर्वी दुपारचा एक तास त्यासाठी बाजूला काढलेला असायचा. ताट मांडीवर, उजेड खिडकीतून, आणि बोटं आपोआप खडे नि किडके दाणे कडेला सारत असायची. आता पाकिटातले तांदूळ थेट कुकरमध्ये जातात. पण जगातल्या काही अगदी महागड्या प्रयोगशाळांत हे काम अजूनही असंच, हातानं, एकेक दाणा बघत चालतं. ताटाच्या जागी चौकटी आखलेली छोटी काळी तबकडी, खिडकीच्या जागी मायक्रोस्कोप, आणि बोटांच्या जागी रंगकामाचा सगळ्यात बारीक ब्रश, टोकाशी किंचित ओला केलेला. निवडायचे दाणे म्हणजे समुद्रतळाच्या गाळातले चिमुकले शंख. आकार वाळूच्या कणाएवढा. आणि त्यातून निघतं काय, तर लाखो वर्षांपूर्वी समुद्र किती गार होता आणि पृथ्वीवर बर्फ किती साचला होता, याचा हिशोब.

या शंखांच्या मालकांना फोरॅमिनिफेरा म्हणतात. नाव जिभेला जड आहे, म्हणून शास्त्रज्ञ लाडानं नुसतं 'फोरॅम' म्हणतात. एकाच पेशीचा जीव. अमिबासारखाच, पण अमिबासारखा उघड्यावर राहत नाही. यातले बहुतेक स्वतःभोवती चुन्याचं घर बांधतात. अंग वाढलं की जुन्या खोलीला लागून नवी खोली काढायची, बस्स. काही जाती वरच्या पाण्यात तरंगतात, काही तळाच्या चिखलात राहतात. मेल्यावर घर तेवढं गाळात उरतं. भर समुद्रात हा गाळ हजार वर्षांत जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर साचतो. म्हणजे दहा मीटरची नळी चिखलात खुपसून वर काढली, की हातात चार-पाच लाख वर्षं येतात, थरावर थर, तारीखवार.

सगळेच फोरॅम इवलेसे नसतात बरं का. इजिप्तच्या पिरॅमिडांच्या चुनखडीत मसुरीएवढे, नाण्याएवढे फोरॅम आहेत. स्ट्रेबो नावाच्या प्राचीन ग्रीक भूगोलकारानं तिथली एक समजूत नोंदवून ठेवली आहे, की मजुरांच्या जेवणातली उरलेली डाळच म्हणे दगड झाली! आपल्या शेजारच्या कच्छमध्येही असे नाण्यांसारखे फोरॅम खडकांत सापडतात.

तर या घरांत हवामान कुठून आलं? घर चुन्याचं, चुन्यात ऑक्सिजन, आणि तो घेतलेला भोवतीच्या पाण्यातून. ऑक्सिजनची भावंडं असतात, शाळेच्या पुस्तकातला शब्द वापरायचा तर समस्थानिकं. एक 16 वजनाचा, एक 18 वजनाचा. गुण सारखे, वजन वेगळं. हजार अणूंत जड भावंडं साधारण दोनच. समुद्राचं पाणी वाफ होऊन उडतं तेव्हा हलका ऑक्सिजन असलेलं पाणी जरा सहज उडतं. एरवी त्याचं काही बिघडत नाही, कारण पाऊस पडतो, नद्या वाहतात आणि उडालेलं पाणी घरी परत येतं. पण हिमयुगात ते परत आलंच नाही. उत्तर अमेरिकेवर, युरोपवर बर्फ होऊन साचून राहिलं. मागे उरलेला समुद्र तेवढ्या प्रमाणात 'जड' झाला आणि त्यातल्या फोरॅमची घरंही जड झाली. शिवाय पाणी गार असलं की घरात जड ऑक्सिजन जरा जास्तच बसतो. म्हणजे गारठा आणि बर्फ, दोन्ही काटा एकाच बाजूला ढकलतात. ही गोम लक्षात ठेवा, पुढे तिच्यावरून बराच वाद झाला.

या चिमुकल्या शंखांना पहिल्यांदा भाव मिळवून दिला तो टेक्सासमधल्या तीन बायकांनी, आणि तोही हवामानासाठी नव्हे, तेलासाठी. एस्थर अॅप्लिन, अॅल्व्हा एलिसर आणि हेडविग निकर या तेल कंपन्यांत काम करत. विहीर खणताना वर येणाऱ्या चुऱ्यातले फोरॅम बघून आपण कोणत्या थरात आहोत ते सांगता येईल, असं अॅप्लिननं 1921 मध्ये एका सभेत मांडलं. तेव्हा एका नामांकित प्राध्यापकांनी भर सभेत तिची खिल्ली उडवली. तिघींनी वाद घालत बसण्यापेक्षा काम केलं, 1925 मध्ये एकत्र लेख छापला, आणि पुढे तेल कंपन्यांनी फोरॅम बघणाऱ्यांच्या प्रयोगशाळाच उघडल्या.

ऑक्सिजनची कल्पना मात्र हॅरॉल्ड युरीची. 1934 सालचं नोबेल मिळालेले हे रसायनशास्त्रज्ञ. चुन्याच्या शंखातल्या ऑक्सिजनवरून जुन्या समुद्राचं तापमान काढता येईल, हे त्यांनी 1947 मध्ये कागदावर दाखवून दिलं. कागदावर सोपं होतं. पाण्याच्या तापमानात एका अंशाचा फरक पडला तर शंखातलं प्रमाण दहा हजारांत जेमतेम दोननं बदलतं. हे मोजणारं यंत्र, म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर, शिकागोतल्या त्यांच्या प्रयोगशाळेत अक्षरशः जुळवून, सांभाळून, लाडीगोडी लावून चालवावं लागे.

आणि या यंत्राजवळ 1950 मध्ये आली तोशिको मायेदा. कामावर घेतलं होतं काचसामान धुवायला.

तोशिको 1923 ची. जन्म अमेरिकेत, टॅकोमाला, लहानपण जपानमध्ये. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं आपल्याच देशातल्या सुमारे 1 लाख 20 हजार जपानी वंशाच्या लोकांना उचलून तारेच्या कुंपणाआडच्या छावण्यांत टाकलं. त्यातले बहुसंख्य अमेरिकेचे नागरिक होते, तरीही. तोशिकोची रवानगी टूल लेकच्या छावणीत झाली. तिथेच तिला तिचा नवरा भेटला, हॅरी मायेदा. युद्धानंतर दोघं शिकागोला आली, तिनं 1949 मध्ये रसायनशास्त्राची पदवी घेतली. पदवी घेऊन बाटल्या धुवायच्या! तिला काय वाटलं असेल, याची कल्पना आपल्यातल्या अनेक जणी करू शकतील.

बाटल्या फार दिवस धुवाव्या लागल्या नाहीत. थोड्याच काळात ती मास स्पेक्ट्रोमीटर सांभाळू लागली. निसर्गातल्या निरनिराळ्या पाण्यांत जड ऑक्सिजन किती, यावरचा सॅम्युअल एपस्टाइन आणि मायेदा यांचा 1953 चा लेख या शास्त्राच्या पायाच्या दगडांपैकी आहे. त्याच प्रयोगशाळेत चेझारे एमिलियानी हा इटालियन तरुण समुद्रतळाच्या गाळातले फोरॅम निवडून त्यातला ऑक्सिजन मोजत होता. 1955 मध्ये त्याचा लेख आला आणि खळबळ उडाली. तोवर भूशास्त्राच्या पुस्तकांत हिमयुगं चार होती. एमिलियानीचा आलेख सांगत होता, चार कसली, कितीतरी जास्त! त्या लेखावर नाव त्याच्या एकट्याचं. तोशिकोचं नाव त्याच्याबरोबर पुढच्या काही लेखांवर आलं. 1958 मध्ये युरी शिकागो सोडून गेले, ती राहिली. रॉबर्ट क्लेटन यांच्याबरोबर तिनं पुढची चार दशकं उल्का मोजल्या, अपोलोनं आणलेले चंद्रावरचे दगड मोजले. पीएच.डी. तिनं कधी केली नाही. 2002 मध्ये जपानच्या भूरसायनशास्त्र संस्थेनं तिचा गौरव केला आणि 2004 मध्ये ती गेली.

आता ती मघाची गोम. एमिलियानीला वाटलं, आलेखातले चढउतार मुख्यतः तापमानाचे. केंब्रिजचे निक शॅकल्टन म्हणाले, नाही, बर्फाचे. त्यांनी 1967 मध्ये युक्तिवाद केला तो साधा आणि सुंदर आहे. तळाचं पाणी आधीच गोठायला आलेलं, ते आणखी गार होऊन होऊन किती होणार? तरीही तळाला राहणाऱ्या फोरॅममध्ये वरच्या फोरॅमएवढाच बदल दिसतो. म्हणजे बदलला तो सगळा समुद्रच. शॅकल्टन क्लॅरिनेट वाजवायचे, क्लॅरिनेटांचा मोठा संग्रहही होता त्यांचा. 1976 मध्ये हेज, इम्ब्री आणि शॅकल्टन यांनी दक्षिण हिंदी महासागरातल्या दोन नळ्यांवरून दाखवलं, की हिमयुगांचा ताल पृथ्वीच्या कक्षेच्या आणि आसाच्या डुलण्याशी जुळतो: साधारण 1 लाख, 41 हजार आणि 23 हजार वर्षांचा.

शेवटचं हिमयुग ऐन भरात होतं ते सुमारे 20 हजार वर्षांपूर्वी. तेव्हा समुद्राची पातळी आजच्यापेक्षा साधारण 120 मीटर खाली होती. मुंबईचा किनारा त्या वेळी शंभरहून जास्त किलोमीटर पश्चिमेला असणार.

अशा नळ्या जगभर काढल्या गेल्या, पण प्रत्येकीची तऱ्हा न्यारी. कुठे गाळ भराभर साचलेला, कुठे मध्येच थर गायब, कुठे किड्यांनी चिखल ढवळलेला. हे सगळं जुळवायचं कुणी? लोरेन लिसीकी आणि मॉरीन रेमो या दोघींनी. 57 ठिकाणचे आलेख त्यांनी एकमेकांशी जुळवून 53 लाख वर्षांचा एकच आलेख तयार केला, तो 2005 मध्ये छापला. आज नवी नळी निघाली की तिची तारीख लावायला अनेकजण याच आलेखाकडे बघतात. त्यात एक कोडंही स्पष्ट दिसतं. आधी हिमयुगं 41 हजार वर्षांच्या तालावर येत-जात होती. साधारण दहा लाख वर्षांपूर्वीपासून ती लाख वर्षांच्या तालावर गेली. का, यावर अजून एकमत नाही. रेमो यांचं आणखी एक मत आपल्या घराजवळचं आहे: हिमालय-तिबेट वर उचललं गेलं, खडक झिजू लागले, त्या झिजेत हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषला गेला आणि पृथ्वी गार झाली. हेही सगळ्यांना मान्य नाही. पण लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीचं वोलस्टन पदक 2014 मध्ये त्यांना मिळालं. 1831 पासून दिलं जाणारं, डार्विनला मिळालेलं हे पदक. त्याआधी एकाही स्त्रीला मिळालं नव्हतं. 183 वर्षं!

आता जरा भीतीची गोष्ट. 5 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या थरात फोरॅम एकदम विचित्र वागतात. त्यांच्यातला ऑक्सिजन सांगतो की पृथ्वी पाचएक अंशांनी तापली. कार्बन सांगतो की हवेत आणि समुद्रात प्रचंड कार्बन ओतला गेला. एलन थॉमस यांनी त्या थरातले तळाचे फोरॅम मोजले, तेव्हा जाती धडाधड नाहीशा झालेल्या दिसल्या, एक तृतीयांशापासून निम्म्यापर्यंत. दक्षिण अटलांटिकमधून काढलेल्या नळ्यांत तर ते नुसत्या डोळ्यांनी दिसतं. पांढरा खडूसारखा गाळ अचानक संपतो आणि लालसर माती सुरू होते. पाणी आम्लधर्मी झालं आणि शंख विरघळून गेले. सावरायला लाखभराहून जास्त वर्षं लागली. आणि तेव्हा कार्बन ज्या वेगानं सुटला, त्याच्या कितीतरी पट वेगानं आज आपण तो सोडतो आहोत.

आपल्या पावसाचा हिशोबही या शंखांत आहे. नैर्ऋत्य मोसमी वारे जोरात वाहिले की ओमानच्या किनाऱ्याजवळ खालचं गार, पोषक पाणी वर येतं आणि ग्लोबिजेरिना बुलॉइडिस नावाच्या फोरॅमची चंगळ होते. ज्या थरात हा जास्त, त्या काळात वारे जोरदार. आयआयटी खरगपूरचे अनिल गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये ओमानजवळच्या गाळातून गेल्या दहाएक हजार वर्षांचा मान्सून असा वाचला. उत्तर अटलांटिक गारठला, की इकडे आपला मान्सून मंदावला, असं त्यात दिसलं. गोव्यात दोनापावलाला 1966 मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, तिथेही फोरॅमवर काम चालतं. नागपूरला जन्मलेल्या आदिती पंत याच संस्थेतल्या. त्यांचा विषय वेगळा, समुद्रातलं जीवन; पण 1983-84 मध्ये सुदीप्ता सेनगुप्ता यांच्याबरोबर अंटार्क्टिकावर जाणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्रिया. 2015 मध्ये अरबी समुद्रातल्या लक्ष्मी खोऱ्यात आंतरराष्ट्रीय मोहिमेनं तळ खणला, त्यातही भारतीय शास्त्रज्ञ होते.

यंत्रं आता फार पुढे गेली आहेत. एमिलियानीला एका मोजणीसाठी शेकडो शंख लागायचे, आता मोजके पुरतात, कधी एकही चालतो. पण तो एक शोधायला कुणीतरी तबकडीवर वाकून बसावंच लागतं. चिखल धुवायचा, चाळायचा, वाळवायचा, आणि मग एकाच जातीचे, शक्यतो एकाच मापाचे, न फुटलेले निवडायचे.

तुम्हाला बघायचे असतील तर कोकणात किंवा गोव्यात समुद्रावर जाल तेव्हा, भरतीची ओल जिथे थांबते तिथली चिमूटभर बारीक वाळू कागदात बांधून आणा. घरी काळ्या कागदावर पसरा आणि दहा पट मोठं दाखवणारं भिंग लावा. चमकणारे कण सोडून द्या. मंद पांढरे, गोगलगायीसारखे वळलेले, खोल्याखोल्यांचे काही दिसतात का, ते बघा.